इंदूची थायरॉईडची गोळी

हे मी कुणापाशी बोललेलो नाय. पोरीला नाय, जावयाला नाय. रशीदभाईला सांगायची गरजच नाय, त्याचं पुढं येईल. तुमच्यापाशी का बोलतोय, ते मलाबी नीट ठाऊक नाय. मन हलकं करायला म्हणाल, तर तसं काय नाय. मन जड झालंय असं मला कधी वाटलंच नाय — हीच खरी गोम आहे का काय, कोण जाणे. चुकलो, हा शब्द मी जन्मात कुणाला म्हणलेलो नाय. साहेबाला नाय, बापाला नाय. मग बायकोला कोण म्हणतंय?

शाळा म्हणाल तर चौथी, तीबी पुरी नाय. पण आकडा मला कळतो. वाळूजच्या कंपनीत झाडू मारायला लागलो होतो. एका साहेबानं माझी नजर बघितली अन् मला माल तपासायला बसवलं. हातात गेज दिला. गेज म्हणजे लोखंडी कांडं, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. हे गेलं, ते अडलं — माल पास. नायतर लाल रंग अन् रिजेक्टची पेटी. कागद असायचा त्याचा. इकडं कशाचं माप ते, मधी आलेला आकडा, शेजारी खालची लिमिट अन् वरची लिमिट. आकडा दोहोंच्या मधी बसला की विषय मिटला. अन् मशीन माप सोडून चालायला लागलं, तर ऑपरेटर जरा करेक्शन द्यायचा. साईज बसली की मग मशीनला हात लावायचा नाय. लावला की माल बिघडलाच. या एका गोष्टीवरून मी किती जणांना शिव्या घातल्या असतील! शिकलेले पोट्टेसुद्धा मला मास्टर म्हणायचे. आम्ही राहतो त्या छावणीत, आमच्या गल्लीतबी मास्टरच.

मास्टर. कानाला लई गोड लागतो हा शब्द.

इंदू म्हणजे माझी बायको. तिला वाचता येत नाय. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर पायाला भिंगरी असल्यागत फिरायची. मग साठीच्या आसपास मंद व्हायला लागली. केस गळायला लागले, अंग भरलं, बसल्या जागी डुलकी. पोरीनं, लतानं — ती बिडकीनला दिलीय — आईला डॉक्टरकडं न्यायला लावलं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीच्या वयाची. रक्त तपासलं. रिपोर्ट आला तर मी बघतच राहिलो — अगदी आमच्या कंपनीचा कागद! इकडं नाव, मधी आकडा, शेजारी लिमिट. टी थ्री, टी फोर अन् टीएसएच. टीएसएच वरच्या लिमिटच्या कितीतरी वर, ठळक काळ्या अक्षरात.

मी म्हणलं, थायरॉईड वाढलाय.

डॉक्टरीण हसली. मला ते हसणं आवडलं नाय. म्हणली, "काका, उलटं आहे. टीएसएच म्हणजे थायरॉईड नाही. ती डोक्यातून गळ्यातल्या ग्रंथीला जाणारी ऑर्डर आहे. ग्रंथी माल काढत नाही, म्हणून वरून ओरडा वाढतो. हा आकडा जितका मोठा, तितकं खालचं काम बंद."

मला एका झटक्यात कळलं. साहेब कधी ओरडतो? लाईन बंद पडल्यावर. इतकं सोपं. पुढं म्हणली, गोळी म्हणजे बाहेरून आणलेला माल, आतून निघत नाय तेवढा बाहेरून द्यायचा. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासंगं, अन् वर घटकाभर चहा नाय. अन् कायम घ्यायची.

कायम. हा शब्द मी ऐकला होता. ऐकलाच नाय, असं तुमच्यापुढं म्हणणार नाय.

इंदू गोळी घ्यायला लागली अन् दोन-अडीच महिन्यांत माणसात आली. भांड्याचा आवाज घरात परत आला. पुन्हा रक्त दिलं — टीएसएच लिमिटच्या बरोबर मधी. काय आकडा होता! असा आकडा मशीनवर आला असता तर मी ऑपरेटरची पाठ थोपटली असती. डॉक्टरीण म्हणली, छान, डोस बरोबर बसलाय, असाच चालू ठेवा.

मी मनात म्हणलं, आता कशाला? साईज बसली. आता हात लावायचा नाय.

दिवाळी झाली अन् मी गोळ्यांची बाटली फळीवरून काढून माझ्या पेटीत टाकली. इंदू म्हणली, "अहो, बाईनी तर कायम म्हणलं होतं."

"बाई मोठी का मी मोठा?"

तिनं पुन्हा विचारलं नाय. घरात एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची रीत मी कधी पडूच दिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, समजुतीत गफलत झाली, त्यात काय एवढं? थांबा. गफलत इथवरच होती. माझं सांगायचं अजून सुरूच झालं नाय.

रशीदभाई माझ्यासंगं कंपनीत होता, एकाच बसनं जायचो-यायचो. रिटायर झाल्यावर रोज सकाळी छावणीतल्या हॉटेलात आमचा चहा. त्याच्या बेगमलाबी हेच दुखणं, ती कित्येक वर्षांपासून गोळी खाते. मी चार माणसांत सांगितलं, इंदूची गोळी मी बंद केली, आकडा बसवला अन् गोळी सोडवली. रशीदभाईनं बशी खाली ठेवली.

"मास्टर, ये गोली ऐसी नै रहती. आकडा गोली की वजह से बैठा. गोली छोडे तो आकडा फिर भागता. डाक्टर कू पूछे क्या?"

"तुझी बायको खाऊ दे जन्मभर. माझी नाय खाणार."

"अरे मैं भाबी के वास्ते बोलरा."

"रशीदभाई, तू आयुष्यभर पॅकिंगला होतास. खोक्याला पट्टी मार. माप माझ्यावर सोड."

हॉटेलातली माणसं खो खो हसली. रशीदभाईबी हसला, चेहरा उतरला होता तरी हसला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते बरं वाटणं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं मी तेवढ्यासाठी केलं.

संक्रांत सरली अन् इंदू पुन्हा मंदावली. आधी जिना चढताना थांबायला लागली. मग आवाज घोगरा झाला, गडीमाणसासारखा. तोंड सुजलं. एक वाक्य बोलायला लागली की मधीच अडायची, पुढचा शब्द शोधत बसायची. मी काय करायचो सांगू? तिच्यासारखं बोलून दाखवायचो. पाव्हण्यांपुढं. "मी... च... हा... ठे... व... ते..." असं. पाव्हणे हसायचे, तीबी हसायची, उशिरा हसायची, अन् त्या उशिरा हसण्यावर पुन्हा हशा व्हायचा.

उन्हाळा लागला. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, दुपारी पत्र्याला हात लावून बघा. अन् इंदू शाल पांघरून बसायची. थंडी वाजती म्हणायची. मी पंखा पाचवर करायचो. ती उठून कमी करायची, मी पुन्हा पाचवर. "सोंग आहे," म्हणायचो, "काम टाळायचं सोंग." म्हैस म्हणायचो. रिजेक्ट माल म्हणायचो. बायकोला. आमचं लग्न झालं तेव्हा तिला सोळावं होतं.

पण तेव्हा मला खरंच वाटत होतं का, की ती आळशी आहे? व्हय, तेव्हा वाटत होतं. मी खोटं नाय बोलत. निदान हे तरी नाय.

मग लता आली. आईला बघून दारातच थबकली. इंदू भिंतीला टेकून झोपली होती, भरदिवसा, तोंड उघडं. लता मला म्हणली, "दादा, गोळी घेती ना आई?"

"घेती की."

बघा, किती सहज निघालं. विचारबी करावा लागला नाय. लतानं लगेच लॅबवाल्याला घरी बोलावलं, त्यानं रक्त नेलं. नंबर माझा दिला. ती संध्याकाळच्या गाडीनं बिडकीनला गेली, घरी सासू आजारी होती तिची. जाताना म्हणली, "रिपोर्ट आला की लगेच डॉक्टरला दाखवा. मला सांगा."

दुसऱ्या दिवशी हॉटेलातून घरी येताना मोबाईल वाजला. छावणीच्या बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो अन् चष्मा पुसून बघितलं. टीएसएचसमोर आकडा नव्हताच नीट. शंभराच्या वर, एवढंच छापलेलं. मशीनला मोजता येतं त्याच्याबी पलीकडं गेलेलं. टी फोर खालच्या लिमिटच्याही खाली.

मला कळलं नाय, असं म्हणू?

कळलं. सगळं कळलं. डॉक्टरणीनं सांगितलेला शब्दन् शब्द आठवला. खाली लाईन बंद पडलीय अन् वरून कुणीतरी घसा फाटेस्तोवर ओरडतंय. शाल आठवली, पंखा आठवला, "मी... च... हा..." आठवलं. इंदू आळशी नव्हती. इंदूला थंडी खरंच वाजत होती. ते सगळं मी केलं होतं, माझ्या पेटीत ठेवलेल्या बाटलीनं.

मग मी काय करायला पाहिजे होतं? घरी जायचं, पेटी उघडायची, बाटली फळीवर ठेवायची. डॉक्टरणीकडं जायचं. दोन गल्ल्यांवर दवाखाना. एवढंच. पण डॉक्टरीण विचारणार, गोळी का बंद केली, अन् पुन्हा तसंच हसणार. लताला कळणार. अन् इंदू पुन्हा गोळी खायला लागली की रशीदभाईला कळणार, त्याची बेगम अन् इंदू एकमेकींना सगळं सांगतात. हॉटेलात तो बशी ठेवून म्हणणार — काय म्हणणार? काहीच म्हणणार नाय, तो तसा माणूस नाय. नुसता बघणार. चार माणसांपुढं.

त्या पायरीवर बसून मी ठरवलं. हे ध्यानात घ्या — झालं नाय, ठरवलं. रिपोर्ट पुसून टाकला. लताला फोन लावला. "थोडंसं वाढलंय. दाखवला बाईला. चालू ठेवा म्हणली गोळी."

"मग ठीक आहे, दादा," ती म्हणली. तिनं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला.

अन् त्यानंतर मी सुधारलो, असं वाटतंय का तुम्हाला? तिला जपायला लागलो असेन? उलट झालं. आधी ती आळशी वाटायची म्हणून बोलायचो. आता ती आळशीच आहे, हे घरादाराला पटवून द्यायला बोलायला लागलो. आवाज वाढवून, खिडकी उघडी ठेवून.

आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. पाण्याचा दिवस म्हणजे गल्लीत धावपळ — ड्रम, टाक्या, मोटारी, भांडणं. त्या दिवशी मी बाहेर होतो अन् इंदू झोपून राहिली. नळ येऊन गेला. घरात एक कळशी भरली नाय. मी आलो तेव्हा शेजारणी ओट्यावर आपापली भांडी आवरत होत्या. इंदू आत, मेच्या उकाड्यात, शाल गुंडाळून पडलेली. मी माठातलं होतं नव्हतं ते थंड पाणी तांब्यात घेतलं, तिला दंडाला धरून दारात आणलं अन् सगळ्या बायकांपुढं तिच्या डोक्यावर ओतलं. "घे," म्हणलं, "आलं बघ पाणी."

ती उभीच राहिली. दचकलीसुद्धा नाय लवकर. पाणी गालावरून खाली आलं, शाल भिजली, मग हळूहळू अंग कापायला लागलं. एक बाई "मास्टर, काय हे!" म्हणली. बाकीच्या आत गेल्या. इंदू मला म्हणली, "झोप... लागली. चुकलं." अन् कळशी घेऊन शेजारी पाणी मागायला गेली, ओल्या अंगानं.

ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. रागीट म्हातारा म्हणून लोकांनी सोडूनबी दिली. ठाऊक नाय ते एवढंच, की पाणी ओतलं तेव्हा मी तो रिपोर्ट बघितलेला होता. तांब्या वाकडा करताना माझ्या डोळ्यापुढं तो आकडा होता. थंडी वाजणाऱ्या माणसावर मी थंड पाणी ओततोय, हे मला ठाऊक होतं.

श्रावणात ती पडली. पडली म्हणजे — मी चहा मागितला, चहा आला नाय, म्हणून शिवी घालत आत गेलो. गॅसपुढं बसली होती. हातात लायटर, गॅस चालू नाय. डोळे उघडे. हाक मारली, बघेना. हाताला हात लावला तर फरशीसारखा गार. मी घाबरलो. कशाला घाबरलो? ती मरेल म्हणून का सगळं उघडं पडेल म्हणून? आज इतक्या दिवसांनी मला सांगता येत नाय. दोन्हींतलं बरं वाटेल ते तुम्ही धरू नका.

रशीदभाईला हाक मारली, तो रिक्षा घेऊन आला, त्यानंच तिला उचललं. मोठ्या दवाखान्यात नेलं. एका तरुण डॉक्टरानं नाडी बघितली, पायाची सूज दाबून बघितली, गळ्याला हात लावला अन् माझ्याकडं वळला. "थायरॉईडचा त्रास आहे का? गोळ्या चालू होत्या?"

रशीदभाई माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या बाहीवर इंदूच्या तोंडची लाळ लागलेली.

मी म्हणलं, "हीच घेत नव्हती, साहेब. कंटाळा करायची. मी रोज सांगायचो."

रशीदभाईनं माझ्याकडं बघितलं. हॉटेलातली ती सकाळ त्याला आठवत होती, मला आठवत होती. त्यानं बाहेर जाऊन नळावर बाही धुतली अन् परत येऊन बाकड्यावर बसला, पार लता येईस्तोवर. मला सोडून गेला नाय. आजबी भेटला की सलाम करतो. फक्त मास्टर म्हणत नाय. नावानं हाक मारतो.

लता आली, रडली, मग आईवर चिडली. सुईच्या नळ्या लावलेल्या आईला म्हणली, "एवढीशी गोळी घ्यायला काय होत होतं गं तुला? दादा म्हातारे झाले, ते किती बघतील?" इंदूला बोलणं धड कळतबी नव्हतं. मी लताला म्हणलं, "जाऊ दे, बोलू नको तिला." ऐकलंत? मीच तिला वाचवलं, लेकीच्या बोलण्यापासून.

बरेच दिवस लागले, पण इंदू परत आली. पायाची सूज उतरली, आवाजाचा घोगरेपणा गेला. ते सगळे महिने मात्र तिच्या डोक्यात धुक्यासारखे आहेत, अर्धं आठवतं, अर्धं नाय. घरी आल्यावर एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणली, "अहो, गोळी... तुम्हीच नव्हतं का म्हणलं, बंद कर म्हणून?"

इथं मला वाट होती. एक शब्द. व्हय. एवढाच.

मी म्हणलं, "कधी? काल काय खाल्लं ते तुला आठवत नव्हतं, अन् हे आठवतंय?"

तिनं हातातल्या मेथीच्या काड्या निवडलेल्या पाल्यातच टाकल्या. मग म्हणली, "आसंल. डोकं कुठं ठिकाणावर होतं माझं."

अन् मी तिथं थांबलो नाय. त्यानंतर दोन-चारदा मीच मुद्दाम विषय काढला, कधी लतापुढं, कधी शेजारणीपुढं. "हिनं गोळ्या चुकवल्या अन् काय होऊन बसलं बघा." खोटं तिच्या डोक्यात नीट बसलंय का, ते तपासायला. बसलं होतं. शेजारणीला ती स्वतःच सांगायला लागली — माझाच आळस, हे होते म्हणून वाचले. आता रोज सकाळी गोळी मी माझ्या हातानं तिच्या तळहातावर ठेवतो अन् पाण्याचा पेला पुढं करतो. गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात.

गेल्या दिवाळीत पाडव्याला लता, जावई, नातवंडं सगळी घरी होती. इंदूनं पाट मांडला, मला ओवाळलं. ताट बाजूला ठेवलं अन् वाकून पाया पडली. ते दरवर्षीचंच. पण या वेळी उठलीच नाय. डोकं माझ्या पायावर ठेवून, सगळ्यांपुढं म्हणली, "मी गोळी घेतली नाय, तुम्हाला लई तरास दिला. म्हातारपणी पळवलं. मला माफ करा."

लता पदरानं डोळे पुसत होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणलं, "केलं माफ. पुन्हा असं करू नको."

ती म्हणली, "नाय करणार."